समोर सोडायची जागा

मोठेबाबा,

तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनासाठी गल्लीत मांडव टाकायचा होता. त्याला नगरपंचायतीची परवानगी लागते, हे मला आदल्या सकाळी आठवलं. तुमच्या सुधाकरदादाला सांगितलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "घर आपलं, गल्ली आपली, बाप आपला. परवानगी कायची?" मी म्हटलं, गल्ली आपली नाही दादा, रस्ता आहे तो. मांडववालाच म्हणाला, "काढून आना ताई, मागं एका लग्नात मले लय बोलणं बसलं." मग मी गेले. कारकुनाने अर्जावर तुमचं नाव वाचलं आणि तो उठून उभा राहिला. परवानगी लगेच मिळाली. परत येताना मला सारखं वाटत होतं, की तुम्ही ओट्यावर बसलेले असाल आणि कागद बघून म्हणाल, "मेल्यावर बी अर्ज कराच लागते का वं?"

मांडवात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. नळयोजना आणली, शाळेच्या खोल्या बांधल्या, विहाराला जागा मिळवून दिली. सगळं खरंच आहे. पण बोलणाऱ्यांपैकी कुणी अलीकडे तुमच्याशी भांडलेलं नव्हतं. मी भांडत होते. ते भांडण अर्ध्यावर राहिलं आहे, आणि मांडवात उभं राहून ते सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

वाचायला मला शाळेने शिकवलं, पण सरकारी मराठी तुम्ही शिकवली असं मी सांगते, तेव्हा लोकांना ती थट्टा वाटते. तुम्ही गावचे सरपंच, पण शिक्षण चौथीपर्यंतचं. ग्रामपंचायतीत तालुक्याहून पत्र आलं, की ग्रामसेवक यायच्या आत त्यात काय आहे ते तुम्हाला कळायला हवं असायचं. शाळा सुटली की तुम्ही मला हाक मारायचात. मी टेबलाला टेकून, दप्तर पाठीवरच ठेवून, मोठ्याने वाचायची. निम्मे शब्द मला कळायचे नाहीत, निम्मे तुम्हाला. "हे काय म्हणून राह्यलं?" तुम्ही विचारायचात. मी म्हणायची, माहीत नाही. "मंग पुन्हा वाच." पुन्हा वाचलं की थोडं उलगडायचं. 'सबब' हा शब्द आला की तुम्ही सावरून बसायचात. "आता खरी गोष्ट येते पाह्य. आतापावेतो नुसती पानसुपारी होती." आजही कुठलं सरकारी पत्र हातात आलं, की माझी नजर आधी 'सबब' शोधते. वर्गातल्या मुलांनाही मी तेच सांगते.

बारावी झाली तेव्हा बोरी अरब गावचं स्थळ आलं होतं. बाबांनी, तुमच्या धाकट्या भावाने, जवळजवळ होकार दिला होता. तुम्ही आमच्या अंगणात आलात, खाटेवरही बसला नाहीत. "पोरगी पाचव्या वर्गापासून सरकार वाचून राह्यली, अन् तू तिले चुलीपुढं बसवतं?" एवढंच बोललात आणि निघून गेलात. सकाळी बाबांनी मला एसटीच्या पाससाठी फोटो काढायला पाठवलं. आपल्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. पदवीचा कागद घरी आला तेव्हा तुम्ही तो माझ्याकडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून घेतला होता. "एवढा मोठा कागद, अन् सबब नाही त्याच्यात," असं म्हणालात, आणि मग डोळे पुसलेत. त्या दिवशी मी तुमच्या पाया पडले, पण जे म्हणायचं होतं ते काही म्हटलं नाही. पुढेही राहूनच गेलं. आपल्याकडे असं तोंडावर बोलायची पद्धत नाही.

तुमच्या रेघेबद्दलही मांडवात लोक बोलले. बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांना ती गोष्ट नवी होती. आपल्या गावात घर बांधायचं म्हणजे मिस्त्रीच्या आधी तुम्हाला बोलवायचं. ऊन चढायच्या आत तुम्ही चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन जागेवर यायचात, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना उभं करायचात, आणि सगळ्यांच्या देखत रेघ टाकायचात. त्या रेघेवर पाया खणला जायचा. कापसाने भरलेली बैलबंडी गल्लीत वळली पाहिजे, एवढा एकच तुमचा नियम होता. तुमच्या रेघेवरून कुणी कोर्टात गेलं नाही. हे साधं नाही, हे मला आता जास्त कळतं.

मग गावाची नगरपंचायत झाली. पाटी बदलली, नवी टेबलं आली, मुख्याधिकारी आले. परवानगीशिवाय पाया खणू नये, नकाशा मंजूर करून घ्यावा, समोर जागा सोडावी, नालीवर बांधकाम करू नये, असे फलक लागले. लोकांनी ते वाचले नाहीत असं नाही. वाचले आणि सोडून दिले, कारण घर बांधणाऱ्याच्या मनात अजूनही एकच परवानगी होती, ती तुमची. "सरपंचकी गेली, सरपंच तर हायेत ना?" असं म्हणत लोक येत राहिले. तुम्हीही घमेलं घेऊन जात राहिलात. लोकांनी बोलावलेलं तुम्हाला आवडत होतं, मोठेबाबा. कुणाला आवडलं नसतं?

वच्छलामावशीचंही तसंच झालं. रस्त्यापलीकडे, तुमच्या दारासमोर तिचं मातीचं घर. दिवसा शाळेत खिचडी शिजवायची आणि घरी माहेरून आणलेल्या म्हाताऱ्या आईचं करायचं, असं तिचं आयुष्य. गेल्या पावसाळ्यात समोरची भिंत बसली आणि दोघी पत्र्याच्या आडोशाखाली राहू लागल्या. दिवाळीनंतर भावांनी हात दिला, तिने दोन खोल्यांचं काम काढलं. तुम्ही रेघ टाकून दिलीत. जोता उभा राहिला, आत मुरूम भरला, आणि मग नगरपंचायतीचा शिपाई नोटीस घेऊन आला.

नोटीस हातात घेतली नाही तर ती आपल्याला लागत नाही, असा आपल्या गावात सगळ्यांचा पक्का समज. शिपाई कोपऱ्यावर दिसला की माणसं मागच्या दाराने वावरात जातात. मावशी 'भाऊ, भाऊ' करत धावत तुमच्याकडे आली आणि तुम्ही तिला सांगितलंत, "घेऊच नोको. मी पाह्यतो साहेबाले." शिपाई परत आला, ती घरात असून बाहेर आली नाही. शेवटी त्याने दोन साक्षीदार उभे केले आणि नोटीस पत्र्याच्या दारावर डकवली. मावशीने त्यावर सूप टांगलं. दिसायला नको म्हणून.

मी तिच्याकडे शाळेचा निरोप घेऊन गेले तेव्हा सुपाच्या कडेने शिक्का दिसला. सूप काढून वाचलं. विनापरवाना बांधकाम, समोरचा भाग रस्त्याच्या हद्दीत. दिलेल्या मुदतीत एकतर काढून घ्यावं किंवा परवानगीसाठी अर्ज करावा, नाहीतर नगरपंचायत ते पाडेल. मुदत संपत आली होती.

"मावशी, हे कधी लावलं?"

"लावलं त्याईनं. म्या काई घेतलं नाही."

"डकवली की घेतल्यासारखीच होते."

"काहून? दार काय सही करते?"

मी तिथून सरळ तुमच्याकडे आले. तुम्ही ओट्यावर होतात, मोठीआई शेजारी तूर निवडत होती. मी जरा जोरातच बोलले. नोटीस न घेतल्याने दिवस थांबत नाहीत, म्हटलं. फक्त मावशीला आपली बाजू सांगायची संधी निघून जाते. आणि ती गेली तर जोता तुटणार, तिच्याकडे दुसऱ्यांदा बांधायची ताकद नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "ज्याले वाचताच येत नाही, त्याच्यावर कायदा कसा लागते?"

"लागतो, मोठेबाबा."

"मंग वाचून दाखवाचं काम कोनाचं?"

फलक लावलेले आहेत, असं काहीतरी मी म्हणाले. तुम्ही मान हलवलीत. "फलक मी बी लय लावले माह्या जमान्यात," म्हणालात.

पण दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून तुम्ही आमच्या आधी नगरपंचायतीच्या दारात उभे होतात. मुख्याधिकारी बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी खुर्ची पुढे केली, तुम्ही बसला नाहीत. "लाईन माही हाये, मॅडम. बाईची काई चूक नाही. जे लिहाचं ते माह्या नावानं लिहा." बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काका, लाईन कोणी टाकली ते मला लिहिता येत नाही. जागा कोणाची आणि परवानगी होती का, एवढंच लिहिता येतं."

मावशीने फडक्यात बांधून घरपट्टीच्या पावत्या आणल्या होत्या. कर भरला म्हणून जागा आपल्या नावावर होत नाही, हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं. तिचा चेहरा उतरला, पण तिच्या सासऱ्यांच्या नावाचा जागेचा पट्टा घरी होता, तो नंतर आम्ही जोडला. मग अभियंत्याने नकाशावर बोट ठेवून समजावलं. आपल्या गल्लीसारखा रस्ता अरुंद असला की तो मधून मोजतात. मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखं अंतर, आणि नवीन बांधणाऱ्याने त्याच्या मागे राहायचं. मावशीचा जोता दोन फूट पुढे आला होता. समोरची भिंत तेवढी मागे घेतली आणि नकाशासह अर्ज दिला, तर बाकीचं बांधकाम नियमित होऊ शकत होतं.

मला हायसं वाटलं. तुम्ही मात्र नकाशावरून नजर काढली नाहीत.

"मधातून मोजता म्हणता. मंग दुसऱ्या बाजूचं काय?"

"तिकडे नवीन काम नाही ना, काका. जुनं आहे तसं राहतं. पुढे कधी पाडून बांधतील, तेव्हा सोडतील."

"तिकडं मी राह्यतो."

अभियंता हसला. "मग तुम्हाला काहीच करायचं नाही."

परतताना आपण स्टँडवर चहाला थांबलो. मावशी अर्ज मार्गी लागला म्हणून बोलत होती, आणि तुमच्या कपावर साय धरली तरी तुम्ही तो उचलला नाहीत. "हे बरोबर नाही वं," म्हणालात. "पत्र्यात राह्यणारीनं दोन फूट सोडाचं, अन् माहा ओटा तसाच? तिचा जोता माह्याच लाईननं पुढं आला, ओटा बी माह्याच लाईनचा हाये."

मी तुम्हाला नियमाचं कारण सांगितलं, आणि ते मला आजही पटतं. जुनं सगळं एकदम मागे घ्यायला लावलं तर अर्धं गाव पाडावं लागेल. म्हणून ज्याचं घर पडेल किंवा जो नवं बांधेल तो सोडेल, आणि एकेका घराने गल्ली रुंद होत जाईल. त्याला वेळ लागेल, पण कुणाचं घर उठणार नाही. तुम्हाला हा नियम लागत नाही, मोठेबाबा, मी म्हटलं.

"लागत नाही ते मले समजलं. शोभते का, ते विचारून राह्यलो."

"ते नियमात नसतं."

"नसते, ते बी माहीत हाये."

पुढे कितीतरी संध्याकाळी आपलं हेच चाललं. तुम्ही ओटा मागे घ्यायचं काढायचात आणि मी अडवायची. नियमाचं बाजूला ठेवा, मी म्हणायची, मोठीआईचं काय? गुडघ्यांमुळे तिला ओट्यापलीकडे जाता येत नाही. सगळं गाव तिला त्या ओट्यावर भेटतं. एकदा तुम्ही तिच्या देखतच बोललात, तेव्हा तीच उसळली. "मले विचारलं का कोनं? बसाची जागा माही, अन् दान हे करून राह्यले."

"तू आतमंधी बसजो. पंखा हाये."

"पंख्यासंग काय बोलू?"

आपण तिघेही हसलो होतो. तुम्ही सगळ्यांत जास्त. तेव्हा मला वाटलं, विषय मिटला. पण त्याच संध्याकाळी मी निघताना तुम्ही म्हणालात, "उद्या येजो. मिस्त्र्याले बोलावलं हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हत्यारांची थैली घेऊन आला, तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. तुम्ही पहाटे झोपेतच गेला होतात. त्याने थैली भिंतीशी ठेवली आणि तो तुमच्या खांदेकऱ्यांत उभा राहिला. मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "त्याईनं नुसतं ये म्हटलं, ताई. काम नाही सांगतलं." मावशीची भिंत मागे घ्यायची होतीच, तिच्यासाठी बोलावलं असेल. ओट्यासाठीही असेल. मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर मावशीला नगरपंचायतीतून बोलावणं आलं. मी सोबत गेले. कारकुनाने परवानगीचा कागद पुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. मावशीने पेन घेतला नाही.

"वाच आधी."

"मावशी, मागे रांग आहे."

"उभे राह्यतीन. वाच, मले आयकू दे."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हीच सांगा ना वाचून."

"तिनं नाही," मावशी म्हणाली. "तू देऊन राह्यला, तू वाच."

तो वाचू लागला. आधी भरभर, मग ती प्रत्येक अटीला थांबवू लागली तसा सावकाश. सांडपाणी कुठे सोडायचं, काम जोत्यापर्यंत आलं की कळवायचं, मंजूर नकाशाबाहेर काही करायचं नाही. रांगेतली माणसं कुरकुरायची थांबून ऐकू लागली. मागून एकाने म्हटलं, "ते नालीचं पुन्हा वाचा जी, आमच्याकडं बी तेच होऊन राह्यलं." कारकुनाने ते पुन्हा वाचलं. शेवटची अट होती, समोर सोडलेली जागा कायम मोकळी ठेवावी.

"पायरी बी नाही?"

"पायरीही नाही."

"बरं," म्हणून तिने सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत. मुदतीतला अर्ज, सकाळीच दारात उभे राहिलेले तुम्ही, हे सगळं नसतं तर त्या जागी आज मुरमाचा ढीग असता. मोठेबाबा, तिचं घर वाचलं. हे तुम्हाला सांगायचं होतं.

घराजवळ आलो तेव्हा मावशी म्हणाली, "माह्या दारातून आता भाऊचा ओटाच दिसन." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दुसरं काय होतं, ते मला ओळखता आलं नाही.

त्याच संध्याकाळी सुधाकरदादा आमच्याकडे आला. कृषी केंद्र बंद करून थेट आला होता, अंगाला खताचा वास होता.

"ओटा पाडा लागते का?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं. घर पाडून नवं बांधशील तेव्हा जागा सोडावी लागेल. तोवर कुणी काही म्हणू शकत नाही."

तो खाटेवर टेकला. मग म्हणाला, "बाबा काय म्हणत होते?"

तुम्ही जे म्हणत होतात ते मी त्याला सांगितलं, मी काय उत्तर देत होते तेही. मोठीआईचं पंख्याचं सांगितलं तेव्हा तो तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसला. मिस्त्री कशासाठी बोलावला होता, असं त्याने विचारलं. माहीत नाही म्हणाले. "तुले काय वाटते?" म्हणाला. वाटण्यावर सांगणार नाही, दादा, मी म्हटलं.

नियम सांगितला आणि तुमचं म्हणणं सांगितलं. दोन्ही वेगवेगळं सांगितलं. एकात एक मिसळलं असतं तर त्याला ठरवायला सोपं गेलं असतं. पाडावाच लागेल म्हटलं असतं तर त्याने उद्याच पाडला असता. बाबांनी सोडून दिलं होतं म्हटलं असतं तर कधीच पाडला नसता. पण मग तुम्ही टेबलाशी उभं करून माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलंत, ते कशासाठी होतं? जे लिहिलंय ते लिहिलंय म्हणून सांगायचं, आणि जे लिहिलेलं नाही ते माणसावर सोडायचं, एवढं मी तुमच्याकडून घेतलं आहे. त्याबद्दल जे तोंडावर बोलता आलं नाही, ते हेच.

दादा अजून विचार करतो आहे. आज सकाळपासून मावशीचा मिस्त्री जोत्याची समोरची भिंत काढतो आहे. मोठीआई ओट्यावरच बसलेली आहे, पण नेहमीच्या कडेला नाही. भिंतीला पाठ लावून, पाय जवळ घेऊन, समोर दोनेक फूट सोडून, मागे सरकून बसली आहे. धूळ उडते म्हणून, असं ती म्हणते.